तुमचे प्रश्न: पाखरं मोजणं म्हणजे रिसर्च का?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी बीएस्सी थर्ड इयरला आहे, झूलॉजी-बॉटनी-केमिस्ट्री. कॉलेज तालुक्याला आहे, रोज एसटीने जाणं-येणं करते. यंदा सरांनी आम्हा चौघांना प्रोजेक्ट दिला, गावातल्या कपाशीत कामगंध सापळे लावायचे आणि रोज सकाळी शेंदरी बोंडअळीचे किती पतंग सापडले ते वहीत लिहायचं. मला वाटलं होतं रिसर्च म्हणजे लॅब, मायक्रोस्कोप, मोठ्या मशिनी, इथं तर नुसतं मोजा आणि लिहा. बाबा म्हणतात, "पाखरं मोजून पोट भरते काय वं, तलाठी भरतीचा अभ्यास कर." मैत्रिणी पण हसतात. त्यात दिवाळीच्या आसपास सापळे जवळपास रिकामेच यायला लागले, शेतात डोमकळ्या (अळी आत शिरल्यानं न उमललेली फुलं) मात्र दिसतच होत्या, मग तर वाटलं आपलं कामच चुकलं. रिझल्टच नाही तर रिपोर्टमध्ये लिहू काय? इंग्रजी पण कच्चं आहे. यातून मला नेमकं काय मिळणार?
– एक विद्यार्थिनी, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर: अगं, तुझ्या पत्रातलं सगळ्यात भारी वाक्य तू तक्रार म्हणून मधेच लिहून टाकलंस आणि पुढे निघून गेलीस. सापळे रिकामे, डोमकळ्या मात्र दिसतच होत्या. जुलैमध्ये तुला हे खटकलं असतं का? मला नाही वाटत. तेव्हा न उमललेलं, पाकळ्या गुंडाळलेलं फूल दिसलं असतं तर बांधावरून तशीच पुढे गेली असतीस, आता ते फूल उघडून आत अळी आहे का बघतेस आणि वर वहीतल्या आकड्याशी ताडून पाहतेस. काय मिळालं विचारतेस ना, पहिली गोष्ट ही मिळाली.

आता त्याच्यावरच जरा बसून विचार कर. सापळ्यातल्या ल्यूरला, म्हणजे आत लावलेल्या आमिषाला, मादीचा वास असतो, म्हणून त्यात येतात ते फक्त नर, अंडी घालणारी मादी सापळ्याच्या पिशवीत कधी येतच नाही. शिवाय अंड्यातून अळी निघायलाच चार-पाच दिवस जातात, पुढे ती फुलात-बोंडात दोनेक आठवडे खात बसते, त्यामुळे आज दिसलेली डोमकळी ही काही दिवसांपूर्वीच्या पतंगांची करणी असते, काल रात्रीच्या नाही. म्हणजे आजचा सापळा आणि आजचं फूल एकाच तारखेचं बोलत नाहीत. हे एक कारण झालं. दुसरं, ल्यूर शेवटची कधी बदलली? साधारण तीन-चार आठवड्यांत तिचा वास उतरतो, आणि बदलल्याची तारीख वहीत नसेल तर आता कोणालाच सांगता येणार नाही. तिसरं अगदी साधं, सापळा पिकाच्या वर फूटभर पाहिजे. जुलैत कपाशी घोट्याएवढी होती, दिवाळीला छातीला लागली, तुमचे सापळे तिच्यासोबत वर सरकले का तिथंच पानात बुडून राहिले? उद्या जाऊन आधी हे बघ.

मग असं कर. कपाशी अजून उभी आहे तोवर अर्ध्या सापळ्यांना नवी ल्यूर लावा, अर्ध्यांना जुनीच राहू द्या, उंची मात्र सगळ्यांची सारखी करून घ्या. कोणाला नवी आणि कोणाला जुनी ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, नाहीतर रस्त्याकडचे सगळे नवे आणि नाल्याकडचे सगळे जुने असं होतं आणि मग फरक ल्यूरचा का जागेचा ते कळत नाही. नव्यात पतंग आले, जुन्यात नाही, तर ल्यूरच गेली होती. दोन्ही रिकामे, तर पतंग खरंच कमी झालेत. सोबत शेतात फिरून कुठलीही वीस हिरवी बोंडं तोडा आणि फोडून बघा, कारण अळी आत गेली की भोक बुजतं आणि बाहेरून बोंड एकदम चांगलं दिसतं. वीसात दोन किडके निघाले की दहा टक्के झाले, फवारणीचा विचार करायची पातळी तीच.

यालाच रिसर्च म्हणतात बाई, मशीन असो नसो.

आणि वहीबद्दल एक गोष्ट मी सगळ्यांना सांगते, तुलाही सांगते. ज्या दिवशी सापळा पाहिला आणि त्यात काही नव्हतं तिथं शून्य लिहायचं, पण ज्या दिवशी एसटी चुकली, पाऊस होता, घरी लग्न होतं म्हणून शेतात गेलीच नाहीस तिथं शून्य लिहायचं नाही, "पाहिलं नाही" असं लिहायचं. दोन्ही वेगळे आहेत. आणि सरांना बरं वाटावं म्हणून एकही पतंग वाढवू नकोस. रिकाम्या सापळ्यांचा रिपोर्ट हा पण रिपोर्टच असतो, तुझ्या बाबतीत तर जास्तच कामाचा, कारण सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग आले की फवारणी करा असा सल्ला शेतकऱ्याला दिलेला असतो, मग सापळाच खोटं बोलत असेल तर बिचारा निर्धास्त राहतो आणि बोंडं आतून सडतात.

आपल्या यवतमाळला हे वेगळं सांगायला नको. बोंडअळीला मारणारा जीन घातलेल्या बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये असे दोन जीन्स असलेलं वाण आलं, तरी शेंदरी अळी त्याला सरावली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडं पोखरून गेली. त्याच वर्षी फवारताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कधी फवारायचं आणि कधी नाही हे ठरवायला कोणीतरी रोज सकाळी पाखरं मोजावीच लागतात.

बाबांशी भांडू नकोस, त्यांना कामाला लाव. जवळ जिनिंग आहे का, कोणाच्या शेतात मागच्या वर्षी फरदड ठेवली होती (हंगाम संपल्यावरही कपाशी उभीच ठेवली होती), पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, ढीग उन्हाळाभर कुठं पडून होते हे त्यांना तोंडपाठ असणार, आणि अळी एका हंगामातून दुसऱ्यात जाते ती याच ठिकाणांहून. त्यांच्याकडून गावचा नकाशा काढून घे, त्यावर सापळे मांड, जिनिंगजवळचे आकडे वेगळे दिसतात का पाहा. माझा अंदाज, दोन दिवसांत तेच तुला विचारतील आज किती आले. तलाठी भरतीचा अभ्यास पण चालू ठेव, सकाळी सापळे आणि रात्री पुस्तक यात काही भांडण नाही.

इंग्रजीचं फार मनावर घेऊ नकोस. रिपोर्ट आधी मराठीत लिही, तुझ्या भाषेत, मग सरांसोबत बसून इंग्रजी करा. उलटं केलं की मुलं कुठून तरी पॅरेग्राफ उचलतात आणि विचारलं की गप्प बसतात. 'आविष्कार'ला, म्हणजे विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला, जाणार असाल तर परीक्षक पोस्टरच्या रंगाकडे कमी आणि "हे असं का झालं?" याकडे जास्त बघतात, आणि रिकाम्या सापळ्यांचं उत्तर तुझ्याकडे असेल. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ लांब नाही, आकडे हातात आले की सरांना एकदा तिकडे घेऊन चला म्हणा. आणि चौथं वर्ष रिसर्चसह ऑनर्स करायचं मनात असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. तुमच्या कॉलेजला ते आहे का, आधी ऑफिसात विचार.

प्रश्न: मॅडम, उन्हाळ्यात मोठ्या संस्थेत काम करायला मिळतं असं ऐकलं. ओळख लागते का?
– बीएस्सी सेकंड इयर, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर: ओळख लागत नाही, अर्ज लागतो. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, साधारण दोन महिन्यांची, स्टायपेंड मिळतो, प्रवासाचं भाडंही मिळतं. अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या मागेपुढे निघतात, आपली मुलं मार्चमध्ये जागी होतात आणि तोवर यादी लागलेली असते. तुला काय करायचंय ते थोडक्यात लिहून द्यावं लागतं आणि एका शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. त्या लिखाणात "मला विज्ञानाची आवड आहे" लिहू नकोस, सगळेच लिहितात. तुझ्या भागातलं काहीतरी लिही, मोहफूल, धान, तलावाचं पाणी, जे तू स्वतः पाहिलंस ते. कोणत्या वर्षाच्या मुलांना चालतं ते त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाच, आणि शिफारसपत्र सरांना शेवटच्या दिवशी मागू नकोस, सर त्या दिवशी हमखास इलेक्शन ड्युटीवर असतात.