कोबो ई-रीडरवर अनधिकृत पॅच बसवावेत का?

निपाणीहून आपण विचारले आहे की, कोबो या ई-पुस्तक वाचण्याच्या यंत्रावरील पानाच्या वरच्या व खालच्या पट्ट्या लहान करण्यासाठी अनधिकृत पॅच, म्हणजे कंपनीबाहेरच्या लोकांनी केलेले सॉफ्टवेअरमधील छोटे बदल, बसवणे सुरक्षित आहे का. फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातील मूळ सॉफ्टवेअरच्या, आवृत्तीची काळजी घेतल्यास धोका बेताचाच आहे.

प्रत्येक पॅच विशिष्ट आवृत्तीसाठीच तयार केलेला असतो, म्हणून सेटिंग्जमधील उपकरणाच्या माहितीत दिसणारा आवृत्ती क्रमांक आधी टिपून घ्यावा आणि नेमका त्याच क्रमांकाचा कोबोपॅच (हे पॅच लावण्याचे साधन) संच उतरवावा. त्यातील मजकूर फाइलमध्ये हवा तो पॅच चालू करून संगणकावर तो संच चालवला की कोबोरूट नावाची टीजीझेड फाइल तयार होते. ती उपकरणातील कोबो नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवून केबल रीतसर काढली की यंत्र स्वतःच ती बसवून पुन्हा सुरू होते. त्या मजकूर फाइलमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागांनाही अर्थ असतो, तेव्हा त्या हलवू नयेत.

कंपनीचे नवे अपडेट आले की हे बदल पुसले जातात, आणि पॅच नकोसा झाल्यास तीच मूळ आवृत्ती पुन्हा बसवणे पुरते.

बेळगाव, खानापूरकडच्या पुष्कळ घरांप्रमाणे आपणही मराठीसोबत कन्नड पुस्तके वाचत असाल, तर केवळ अक्षरांसाठी पॅचची खटपट करू नये. 'फॉन्ट्स' नावाचा फोल्डर इंग्रजी लिपीत तयार करून त्यात नोटो सेरिफचे देवनागरी आणि कन्नड असे दोन्ही फॉन्ट ठेवावेत. ही सोय कंपनीनेच दिलेली आहे.