प्रश्न तुमचे : दुर्बिणीची वेळ मागताना

प्रश्न : शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या एका जोडताऱ्याचं निरीक्षण लडाखमधल्या हानलेच्या दोन मीटर दुर्बिणीतून करायचं आहे. ताऱ्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) उणे ३० अंश, म्हणजे दक्षिणेकडे आहे, आवर्तनकाळ (एकमेकांभोवतीच्या एका फेरीचा काळ) सुमारे ३ दिवस. पन्हाळ्यावरून तारा चांगला वर येतो. विद्यार्थ्यानं अर्ज केला तर चालतो का? अर्जात नेमकं काय लिहायचं?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : मुख्य अर्जदार म्हणून मार्गदर्शकांचं नाव द्या, तुम्ही सहअर्जदार व्हा. तुमची पदवी झाली तरी त्या माहितीवरचं काम आणि पत्रव्यवहार सुरूच राहतो, म्हणून हे बरं.

पण आधी तारा बदलता येतो का बघा. पन्हाळ्याचा अक्षांश सुमारे १६.८, म्हणून तुमचा तारा तिथं मध्यमंडलावर, म्हणजे सर्वांत उंच असताना, क्षितिजापासून ४३ अंशांपर्यंत चढतो. हानले आहे ३२.८ अक्षांशावर. तिथं तोच तारा जेमतेम २७ अंशांवर येतो आणि मावळतीला लागतो. डोक्यावरच्या ताऱ्याच्या प्रकाशाला जेवढी हवा ओलांडावी लागते, तिच्या जवळपास २.२ पट हवा त्याला ओलांडावी लागेल. पन्हाळ्यावरून ती दीडपटीच्या आतच असते. निवड समितीतला जाणकार हे गणित आधी करतो आणि अर्ज तिथंच बाजूला पडतो. ४,५०० मीटर उंचीचा फायदा असा घालवू नका. क्रांती शून्य ते अधिक ५० अंशांच्या पट्ट्यातला जोडतारा शोधा.

आवर्तनकाळ अगदी ३ दिवसांच्या जवळ असेल तर आणखी एक अडचण. ग्रहण दर तिसऱ्या दिवशी घड्याळाच्या त्याच सुमारास येतं. ते दुपारी येत असेल तर निरीक्षणाच्या अख्ख्या हंगामात एकही रात्र उपयोगाची नाही! म्हणून अर्जात ‘डिसेंबरात तीन रात्री’ असं मोघम न लिहिता ग्रहणांच्या वेळांचा तक्ता द्या. तक्ता करताना आवर्तनकाळातली चूक धरा. ती ०.००००१ दिवस असेल आणि मूळ नोंदीनंतर २,००० आवर्तनं होऊन गेली असतील, तर ग्रहण अर्धा तास इकडेतिकडे होऊ शकतं. तेवढा वेळ दोन्ही बाजूंना जास्तीचा मागा आणि कारणही लिहा.

वेळा जागतिक वेळेत लिहा. १५ डिसेंबरच्या पहाटेचे २ म्हणजे जागतिक वेळेनुसार १४ डिसेंबरचे २०:३०. तारखेचा हा घोळ फार होतो. ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) वापरलात तर तो टळतो, कारण तो आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो आणि आपली सगळी रात्र एकाच दिनांकात बसते.

आता तासांचा हिशोब. आमच्या मते अर्जाचा कस इथंच लागतो, आणि बहुतेक जण मात्र जोडताऱ्यांचं महत्त्व सांगण्यात पान भरतात. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद. तेज शतांश प्रतीपर्यंत मोजायचं असेल तर ताऱ्याचा संकेत (सिग्नल) हा गोंगाटाच्या (नॉइज) सुमारे १०० पट हवा. ही पट दुप्पट करायची तर एक्स्पोजर चौपट लागतं. १५व्या प्रतीच्या ताऱ्याला ६० सेकंद पुरत असतील, तर १७.५ प्रतीचा तारा दहापट मंद म्हणून निदान ६०० सेकंद धरा; आकाशाचा उजेड ताऱ्याला भारी पडत असेल तर त्याहून कितीतरी जास्त. शिवाय तारा चौकटीत आणणं, फिल्टर बदलणं, चित्र संगणकात उतरणं, तुलनेचे प्रमाण तारे घेणं, याला लागणारा वेळ वेगळा दाखवा. तो न धरल्यामुळे रात्र अपुरी पडते आणि ग्रहणाचा शेवट हातचा जातो.

चंद्राचं बोलायचं तर निळ्या फिल्टरला पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री टाळा. लाल फिल्टरला आणि तेजस्वी ताऱ्याला त्या चालतात. अमावास्येच्या रात्रींवर सगळ्यांचा डोळा असतो. गरज नसताना त्या मागू नका.

ही दुर्बीण भारतीय खगोलभौतिकी संस्था चालवते. निरीक्षक बेंगळुरूजवळच्या होसकोटेमध्ये बसतात आणि उपग्रहामार्फत दुर्बीण हलवतात, त्यामुळे लडाखच्या प्रवासाचा खर्च धरू नका.

प्रश्न : पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर आमच्या हौशी मंडळाला वेळ मिळेल का? निदान ती दुर्बीण तरी पावसाळ्यात चालू असते ना?
– इचलकरंजीचे वाचक

उत्तर : चालू असते. रेडिओ लहरींना ढग आडवे येत नाहीत, दिवसाही काम होतं. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन फेऱ्यांसाठी अर्ज मागवतात, आणि जगातून कुणीही अर्ज करू शकतो. निवड मात्र विज्ञानाच्या गुणवत्तेवर होते.

४५ मीटरच्या ३० तबकड्यांची माहिती हाताळणं ही खरी मेख. स्रोताच्या आधी किंवा नंतर ‘३सी ४८’ किंवा ‘३सी २८६’सारखा प्रमाण स्रोत (ज्याची तीव्रता आधीच नेमकी माहीत आहे असा) घ्यावा लागतो, मध्ये मध्ये जवळच्या दुसऱ्या स्रोताकडे वळून पाहावं लागतं, आणि नंतर मोबाइल, वीजवाहिन्या यांचा गोंगाट काढून टाकावा लागतो. पृथ्वी फिरत असताना तबकड्यांच्या जोड्यांची दिशा बदलत जाते आणि त्यातून चित्र भरतं. म्हणून मंद, पसरट स्रोताला आठ-दहा तास मागतात. हे कधी केलं नसेल तर अर्ज पुढच्या वर्षी करा. आधी जीएमआरटीच्या संग्रहातली जुनी माहिती उतरवून घ्या. निरीक्षणानंतर दीड वर्षानं ती सर्वांना खुली होते. तिच्यातून एक बरं चित्र निघालं की अर्जाला जोडा.

प्रश्न : आठवी-नववीच्या मुलांना खऱ्या दुर्बिणीची माहिती हाताळायला कुठं मिळेल?
– शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : आंतरराष्ट्रीय लघुग्रह शोधमोहिमेत शाळेचा गट नोंदवा, फी नाही. हवाईच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची आकाशाच्या एकाच भागाची चार-चार चित्रं येतात. ती विंडोज संगणकावर ‘अ‍ॅस्ट्रोमेट्रिका’ या सॉफ्टवेअरमध्ये एकामागोमाग चालवून हलणारा ठिपका शोधायचा. मुलं सुरुवातीला दिसेल त्या ठिपक्यावर बोट ठेवतात. खरा लघुग्रह चारही चित्रांत सरळ रेषेत, सारख्या अंतरानं सरकतो आणि त्याचं तेज फारसं बदलत नाही. एकाच चित्रात चमकणारा ठिपका बहुधा कॅमेऱ्यातला दोष किंवा वैश्विक किरण असतो. तो अहवालात घालू नका. चित्रं मोहिमेच्या मुदतीत तपासावी लागतात, तेव्हा सहामाही परीक्षेच्या काळातली मोहीम घेऊ नका.