तोच कागद पुन्हा कशाला?

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. न्यूमोनियामुळे माझे यजमान दोन आठवड्यांहून जास्त आयसीयूत होते, त्यातले बरेच दिवस व्हेंटिलेटरवर. घरी येऊन आता तीन महिने झाले. आमचं भुसारी दुकान आहे. तपासणीला गेलो तेव्हा एका अभ्यासासाठी त्यांच्याकडून मराठीत प्रश्नावली भरून घेतली. पंधरवड्याने तीच पुन्हा भरायला सांगितली. हे चिडलेत. म्हणतात, "मी खोटं बोलतो की काय, ते बघतायत." दुसऱ्या वेळी मीच भरून दिली तर चालेल का?
– एक वाचक, साखळी (गोवा)

उत्तर : वहिनी, परीक्षा त्यांची नाही, कागदाची चाललीय. दुकानदार माणसाला हे लगेच पटेल. साखरेची तीच पिशवी काट्यावर दोनदा ठेवली आणि दोन वेगळे आकडे आले, तर कोणी पिशवीला बोल लावत नाही. मधे साधारण दोन आठवडे ठेवतात ते अशासाठी, की पहिली उत्तरं पाठ राहू नयेत आणि तब्येतही फार बदलू नये. मधल्या दिवसांत ताप आला असेल किंवा नवी गोळी सुरू झाली असेल, तर ते मात्र त्यांना आवर्जून सांगा.

तुम्ही भरू नका. चष्मा सापडत नसेल, हात थरथरत असेल, तर प्रश्न वाचून दाखवा आणि ते म्हणतील तिथे खूण करा. "अहो, काल रात्री झोपला नव्हतात ना?" असं मधेच बोलू नका. तुम्हाला वेगळं दिसत असेल तर डॉक्टरांना स्वतंत्रपणे सांगा, त्यालाही मोल आहे. आयसीयूत मी उमेदीची वर्षं काढली, आता अशाच मुलाखती घेते. डिचोलीकडच्या एका गृहस्थांनी, बायको चहा करायला आत गेल्यावर, हळूच सांगितलं की खाटेखाली पाणी चढतंय आणि नर्स दार लावून घेतात, असं त्यांना अजून दिसतं. घरी बोलले नव्हते. वेड लागलं म्हणतील ही भीती. बायकोने कागद भरला असता तर तिथे "नाही" अशी खूण झाली असती.

आयसीयूतून वाचलेल्यांची शक्ती, स्मरण आणि मन या तिन्हींवर आजारानंतरही परिणाम राहू शकतो. या त्रासाला 'पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम' हे नाव मिळालं ते अमेरिकेतल्या 2010 च्या एका बैठकीनंतर. कोरियात 2019 मध्ये त्यासाठी 18 प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. असा कागद मराठीत आणायचा तर दोघांनी वेगवेगळा अनुवाद करायचा, तो जुळवायचा, मग मूळ न पाहिलेल्या कोणाकडून उलट अनुवाद करून घ्यायचा. एवढ्यावर काही जण थांबतात. माझ्या मते खरं काम तिथून पुढे, रुग्णासमोर बसल्यावर. आपल्याकडे वाचतात मराठी, उत्तर देतात कोंकणीत. बाजारहाट जमतो का, असं विचारलं तर एक आजोबा म्हणाले, "म्हाका कांय त्रास ना, हांव बाजारांत वचनाच." म्हणजे मला काही त्रास नाही, मी बाजारात जातच नाही. कागदावर गुण उत्तम, माहिती शून्य. त्यांना घुमट, म्हणजे आपलं मातीचं चर्मवाद्य, वाजवताना ताल चुकतो का, चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीच्या गाठी मारता येतात का, असं विचारलं तर काही हाती लागेल. पुण्यात तपासलेला मराठी कागदही म्हणूनच इथे पुन्हा तपासावा लागतो.

पुढे आकडेमोड असते. प्रश्न एकमेकांशी जुळतात का, हे अल्फा नावाच्या आकड्यावरून बघतात, 0.70 च्या वर आला की मंडळी खूश. पण चुकीचे प्रश्नही एकमेकांशी छान जुळू शकतात! म्हणून उत्तरं चिंता-नैराश्याच्या 14 प्रश्नांच्या जुन्या मापाशी किंवा सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीशी ताडून बघतात. किती गुणांपुढे त्रास आहे असं धरायचं, ही परदेशात ठरलेली सीमाही तशीच्या तशी उचलता येत नाही.

यजमानांना भरायचं नसेल तर नकार द्यायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, उपचार थांबत नाहीत. भरलं तर गुण किती आले आणि पुढे काय करायचं, हे विचारून घ्या. गुण त्रासाकडे बोट दाखवत असले तरी ते निदान नव्हे, नीट तपासायला हवं एवढाच त्याचा अर्थ. ते जगण्यावर विटल्यासारखं बोलू लागले तर मात्र कागदाची वाट बघू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तातडी असेल तर 108.

आणि तुमची झोप कशी आहे? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. घरच्यांनाही हा त्रास होतो, पुढच्या तपासणीला स्वतःबद्दलही बोला.