रोटरीसारखे क्लब येण्याआधी कोल्हापुरात समाजसेवेची संघटित कामे होत होती का?

होय, आणि तीही रोटरीचा जन्म होण्याच्या आधीपासून. शिकागोमध्ये पॉल हॅरिस यांनी 1905 साली पहिला रोटरी क्लब स्थापन केला. त्याच्या चार वर्षे आधी, 1901 मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने येथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले होते. खेड्यातून आलेल्या मुलाची शिकण्याची इच्छा शहरात राहण्या-जेवण्याची सोय नसल्यामुळे विरून जात असे, आणि नेमकी तीच अडचण ओळखून महाराजांनी पुढे 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग, तर 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग उभे करण्यास बळ दिले. ही वसतिगृहे जातवार होती, हे आज खटकते. परंतु त्या काळी सर्वांना एका पंगतीत बसवणे किती अवघड होते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

दुसरा धागा पेठांमधील तालमींचा. 2019 च्या महापुरात आमच्या गल्लीतील तालमीच्या आखाड्यालगत बायका चपात्या लाटत होत्या आणि पोरे वर्तमानपत्रात चपाती-भाजी बांधून पूरग्रस्तांकडे धाडत होती. सभासदत्वाची वर्गणी मात्र कोणी विचारली नाही.