वाचकांचे प्रश्न : माळ घालण्याआधी डॉक्टर

प्रश्न : माझे मिस्टर (वय 42) गेली आठ वर्षं रोज दारूची 90 मिलीची चार पाकिटं पितात. येत्या एकादशीला माळ घालून एकदम बंद करणार म्हणतात. दवाखान्यात भरती व्हायला मात्र तयार नाहीत. घरी राहून उपचार होतात का?
— एक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : होतात, ताई. त्यांचा निर्धारही मोलाचा आहे, फक्त क्रम बदला: आधी डॉक्टर, मग माळ. 360 मिली दारूत, 42.8 टक्क्यांच्या हिशेबाने, जवळपास 120 ग्रॅम निव्वळ अल्कोहोल असतं. त्याची सवय झालेल्या शरीराला ते एकदम मिळेनासं झालं की 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो; नसलेली माणसं दिसतात, आणि हा भ्रम जिवावर बेतू शकतो. म्हणून डॉक्टरांना दाखवेपर्यंत दारू एकदम तोडू नका.

पूर्वी दारू सोडताना फिट किंवा भ्रम झाला असेल, कावीळ किंवा पोटात पाणी असेल, किंवा घरी न पिणारं जाणतं माणूस नसेल, तर घरचा हट्ट धरू नका, भरतीच करा. बेळगावचं जिल्हा रुग्णालय किंवा धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था गाठा. कुठं जायचं ते ठरत नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर विचारा. फोन मोफत आहे.

घरी जमणार असेल, तर डॉक्टर क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी देतात. पहिल्या दिवशी डोस जास्त, मग रोज कमी करत साधारण 5 ते 10 दिवसांत बंद. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा, एका वेळेच्याच हातात द्या. त्यावर दारू प्याली तर श्वास मंदावतो, म्हणून ते प्याले असतील तर पुढची गोळी न देता डॉक्टरांना फोन करा. गुंगी राहते, तेव्हा तो आठवडा मोटारसायकल नाही आणि कामावर रजाच.

सोबत थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, लागतंच. गावात पुष्कळदा ‘आतली दारू धुऊन निघेल’ म्हणून ग्लुकोजची बाटली लावतात. दारू त्यानं धुतली जात नाही. उलट थायमिनच्या आधी ग्लुकोज चढवलं, तर मेंदूला इजा होण्याचा धोका असतो. बाटली लावायचीच असेल, तर थायमिन दिलं का, हे आधी विचारा.

आठवड्यानंतर ओढ कमी करायला नालट्रेक्सोन (बहुधा रोज 50 मिलिग्रॅम) देतात. त्याआधी लिव्हरची तपासणी होते. दारू प्याली तर त्रास व्हावा म्हणून असलेली डायसल्फिरामची गोळी मात्र भाजीत लपवून कधीच देऊ नका. नकळत त्यावर दारू पडली, तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो.

रात्री फिट आलीच, तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, आणि लगेच 108 ला फोन करा.