शेडमध्ये सापडलेली जुनी ब्रिटिश सायकल: ओळख आणि किंमत

आपण लिहिता की लेस्टरमध्ये नुकत्याच घेतलेल्या घराच्या शेडमध्ये आपल्याला खाली वळलेल्या हँडलची एक जुनी सायकल सापडली, तिचा रंग बराच उडाला आहे, खालच्या नळीवर ‘क्लॉड बटलर’ अशी अक्षरे पुसट दिसतात, आणि ती कोणत्या काळातली व किती किमतीची असावी हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी काही वर्षांपासून डर्बीत राहतो आणि अशा सायकली हौसेने दुरुस्त करतो, त्या अनुभवावरून उत्तर देत आहे.

सर्वांत आधी एक विनंती: सायकल इतक्यात घासूनपुसून चकचकीत करू नका. माझ्या हाती आलेली पहिली फ्रेम मी तारेच्या ब्रशने उत्साहाने घासली, आणि गंजाखाली सोनेरी अक्षरांची एक ओळ होती हे तिचा अर्धा भाग बुकणीसारखा खाली पडल्यावर माझ्या लक्षात आले. उरलेल्या तीन अक्षरांवरून ती कोणाची हे मला आजही सांगता येत नाही.

आपल्याकडे विलायती सायकल म्हटले की रॅले किंवा हर्क्युलिसची 28 इंची चाकांची, दांडीच्या ब्रेकची काळी सायकल डोळ्यांपुढे येते. ती कारखान्यातून पूर्ण जुळवूनच बाहेर पडत असे. इंग्लंडमध्ये ज्यांना ‘लाइटवेट’ म्हणतात त्या सायकलींचे कूळ वेगळे आहे. क्लबातले स्वार एखाद्या लहान कार्यशाळेकडून आपल्या मापाची फ्रेम बांधून घेत आणि चाके, क्रँक (पायडलचे दांडे), ब्रेक, गिअर हे सगळे ऐपतीप्रमाणे वेगवेगळे विकत घेऊन तिच्यावर चढवत. पुढे पैसे आले की त्यांतलेच काही काढून नवे बसवत. त्यामुळे ‘सगळे भाग मूळचे आहेत का’ या प्रश्नाला अशा सायकलीच्या बाबतीत बहुधा उत्तरच नसते, आणि भाग फ्रेमच्या काळाशी जुळतात का एवढेच विचारता येते. म्हणून फ्रेमचा काळ आणि भागांचा काळ वेगवेगळे ठरवावे लागतात.

नावावर फार विसंबू नका. क्लॉड बटलर हे 1928 पासून लंडनमध्ये फ्रेमा बांधत होते. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांचा धंदा बुडाला आणि नाव होल्ड्सवर्थ या लंडनच्याच कंपनीकडे गेले, आणि पुढे तर तेच नाव सरसकट बनवल्या जाणाऱ्या स्वस्त सायकलींवरही लागले. शिवाय जुन्या धर्तीची अक्षरे आणि रेनॉल्ड्स या नळ्या बनवणाऱ्या कंपनीची चिकटपट्टी आज नव्याने छापून मिळते, त्यामुळे ती पट्टी असणे हा पुरावा धरता येत नाही.

आता सायकल घोंगडीवर उलटी ठेवून क्रँकच्या आसाखालचा गोल भाग पाहा. फ्रेमचा क्रमांक बहुधा तिथे असतो, कधी मागच्या चाकाचा आस बसतो त्या फ्रेमच्या खाचेवर, तर कधी सीटखालच्या जोडावर. रंगाच्या थरांखाली तो बुजला असेल तर खरवडू नका; पांढरा खडू आडवा धरून हलक्या हाताने फिरवा आणि वरची पूड बोटाने पुसा, म्हणजे खोलगट अंकांत खडू राहतो आणि ते वाचता येतात. पुढे कधी चिमटा, म्हणजे पुढचे चाक धरणारा फोर्क, बाहेर काढलात तर त्याच्या दांड्यावरही क्रमांक ठोकलेला आहे का ते पाहा. दोन्ही क्रमांक एकच निघाले तर चिमटा मूळचा, आणि याने किमतीत चांगलाच फरक पडतो.

मग जोड पाहा. नळ्या जिथे मिळतात तिथे नक्षीदार कडांची बाही, म्हणजे लग, आहे की ब्राँझने भरून गुळगुळीत केलेला बिनलगाचा जोड आहे? बटलरांची कार्यशाळा या बिनलगाच्या जोडांसाठी विशेष ओळखली जाई. काही कारागिरांची कामे तर लांबूनच ओळखता येतात: टॉटनहॅमच्या हेचिन्सच्या मागच्या नळ्यांना नागमोडी वळण असते, बेट्सच्या चिमट्याला दुहेरी बाक असतो, आणि ब्रॅडफर्डच्या बेन्सची सीटची नळी जवळपास उभी असून मागे जादा नळ्यांचे कुंपण असते. हौशी स्पर्धकांच्या छायाचित्रांत उत्पादकाचे नाव दिसू नये असा तेव्हा दंडक होता, म्हणून नावाऐवजी आकारच ओळख ठरावा अशी ही युक्ती होती, असे इथले जुने स्वार सांगतात.

नळीची प्रत तपासायला सीटचा खांब काढून त्याचा व्यास व्हर्निअरने मोजा. तो 27.2 मिलिमीटर भरला तर नळ्या पातळ भिंतीच्या आणि बऱ्यापैकी भारी प्रतीच्या असण्याची शक्यता मोठी. 26 च्या आसपास किंवा कमी भरला तर जाड, साध्या पोलादाची. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सची 531 ही प्रसिद्ध नळी 1935 मध्ये बाजारात आली, त्यामुळे तीच असेल तर फ्रेम त्याआधीची असू शकत नाही. खांब अडकला असेल तर जोर लावू नका. ॲल्युमिनिअम पोलादात धरून बसते आणि पिळताना नळीच फाटते. भेदक तेल सोडून आठवडाभर वाट पाहा.

मागच्या चाकात तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब (चाकाच्या मधला, आत गिअर असलेला भाग) असेल तर त्याच्या कवचावरचे तेल पुसून अंक वाचा. युद्धानंतरच्या हबवर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो, उदाहरणार्थ ‘54 3’ म्हणजे मार्च 1954. ही तारीख मात्र हबची, आणि चाक नंतर बदललेले असू शकते. मागच्या खाचांमधले अंतर 110 ते 114 मिलिमीटर असेल तर फ्रेम मागे एकच दातेरी चक्र असलेल्या चाकासाठी किंवा अशा हबसाठी बांधलेली असावी, 120 असेल तर पाच दातेरी चक्रांच्या गिअरसाठी. टायरवर 27 इंच लिहिले असेल तर टायर घेताना जपा, कारण त्या रिमचे माप 630 मिलिमीटर आहे आणि दुकानात सर्रास मिळणारा 622 चा टायर तिच्यावर चढत नाही.

किमतीआधी शेवटची तपासणी करा, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. हँडलखालच्या जोडापासून चार बोटे मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या खालच्या बाजूने बोट सावकाश फिरवा. समोरून धडक बसलेल्या फ्रेमची नळी तिथे किंचित फुगते, आणि डोळ्यांना न दिसणारी सुरकुती बोटाला लागते. ती लागली तर बाकी सगळे गुण असूनही किंमत निम्म्याहून खाली येते.

गेल्या काही वर्षांत माझ्या डोळ्यांदेखत झालेल्या व्यवहारांवरून बोलायचे तर 1950 च्या सुमाराची, चालवता येईल अशी पूर्ण क्लॉड बटलर 200 ते 350 पौंडांना जाते, नुसती फ्रेम 80 ते 150 ला, आणि होल्ड्सवर्थच्या काळातली त्याहून कमीला. नागमोडी नळ्यांची, मूळ रंगातली हेचिन्स हजार पौंडांच्या पुढे जाते, पण ती गोष्ट वेगळी. विक्रेते मागतात तो भाव पाहू नका. लिलावाच्या संकेतस्थळावर प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या सायकलींची यादी वेगळी काढता येते, ती पाहा. फ्रेमचे माप 22 ते 23 इंच असेल तर गिऱ्हाईक लवकर मिळते. फार उंच किंवा बुटक्या फ्रेमला कमी लोक विचारतात. ब्रूक्सची चामडी सीट, चेटर-ली क्रँक किंवा काम्पान्योलोचा ग्रान स्पोर्ट गिअर निघाला तर सुटे भागच पूर्ण सायकलीपेक्षा जास्त पैसे देतील. तरीही मला विचाराल तर सत्तर वर्षे एकत्र राहिलेली सायकल फोडून विकू नये. नवा रंग देण्याच्या मोहातही पडू नका, कारण त्यावर 200 पौंड सहज खर्च होतात आणि विकताना ते परत येत नाहीत.

वेटरन-सायकल क्लब ही 1955 पासूनची संस्था आहे आणि तिथे एकेका उत्पादकाच्या क्रमांकांचा अभ्यास करणारी माणसे आहेत. आपला क्रमांक त्यांच्याकडे पाठवा. क्रमांक, सीटच्या खांबाचा व्यास, मागच्या खाचांमधले अंतर आणि जोडांची जवळून काढलेली दोन-तीन छायाचित्रे आपण इथेही टाकलीत, तर दशक कोणते एवढे तरी मी सांगू शकेन.