जर्मन शेफर्ड ही जात मुळात कशासाठी तयार झाली? ग्वाल्हेरसारख्या शहरात घरी पाळावी का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: ही जात पोलीस, लष्कर, राखण सगळीकडे कशी काय चालते, आणि थाटीपूरच्या तुमच्या फ्लॅटमध्ये ती नांदेल का. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या घरी सतरा वर्षांत तीन जर्मन शेफर्ड झाले. तेव्हा दोन्हींचं उत्तर एकत्रच देते, कारण दुसऱ्याचं उत्तर पहिल्यातच आहे.

जर्मन भाषेत याचं नाव शेफरहुंड, म्हणजे मेंढपाळाचा कुत्रा. पण आपल्या डोळ्यांसमोर मेंढ्यांमागे भुंकत धावणारा कुत्रा येतो, तसं याचं काम नव्हतं. जर्मनीत उघड्या शेतांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यांत मेंढरं चरायची आणि शेजारीच दुसऱ्याचं पीक उभं असायचं. मध्ये कुंपण नाही. कुंपणाचं काम कुत्र्याचं. बांधाच्या कडेनं, नांगराच्या सरीतून तो दिवसभर ये-जा करायचा. मेंढीनं तोंड पलीकडे घातलं की तिला आत ढकलायचं, आणि आपण स्वतः पिकात पाय टाकायचा नाही. या कामाला लागणारी न थकणारी, लांब ढांगांची दुडकी चाल, मालक दूर असताना स्वतः निर्णय घेण्याची अक्कल, आणि ‘ही हद्द माझी’ ही भावना, हे सगळं आजच्या कुत्र्यातही आहे.

हे मी वाचलं होतं, पण पटलं ते आमच्या राणीमुळे. एप्रिलमध्ये सासूबाईंनी गच्चीवर चादरी पसरून वर्षाचे गहू वाळत घातले होते. राणी तेव्हा दोन वर्षांची. कुणी काही शिकवलं नव्हतं. सासूबाईंनी फक्त एकदा चादरीच्या कडेला बोट दाखवून ‘इथे नाही हं’ म्हटलं. त्यानंतर ती सकाळभर चादरीच्या कडेकडेनं फिरत राहिली. कबुतर उतरलं की उडवायची, कठड्यावर माकड आलं की पुढचे पाय रोवून उभी राहायची. दुपारी गहू गोळा करताना पाहिलं, तर चादरीभोवतीच्या धुळीत तिच्या पंजांची एक वाट पडली होती आणि गव्हात एकही पाऊल नव्हतं. सासूबाई तिच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

आता जात म्हणून ती कशी घडली ते. थुरिंगिया, फ्रँकोनिया, वुर्टेम्बर्ग अशा वेगवेगळ्या मुलखांतले मेंढपाळांचे कुत्रे एकमेकांपासून बरेच वेगळे दिसायचे. कुणाचे कान ताठ, कुणाचा बांधा मोठा. घोडदळातले निवृत्त कप्तान माक्स फॉन श्टेफानिट्स यांना एप्रिल १८९९ मध्ये कार्ल्सरूहे इथल्या प्रदर्शनात हेक्टर लिंक्सराइन नावाचा कुत्रा दिसला. त्यांनी तो तिथेच विकत घेतला, त्याचं नाव होरांड फॉन ग्राफ्राट ठेवलं आणि त्याच महिन्यात या जातीची संस्था स्थापली. नोंदवहीतला पहिला कुत्रा होरांडच. श्टेफानिट्स यांचा आग्रह एकच होता: रूप नंतर, आधी काम आणि बुद्धी. पुढे कारखाने वाढले, मेंढरांचे कळप घटले, तेव्हा त्यांनीच हे कुत्रे पोलीस आणि सैन्याकडे वळवले. पहिल्या महायुद्धात त्यांनी निरोप पोचवले, जखमी शोधले. युद्धात डोळे गेलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली ओल्डेनबुर्गला कुत्र्यांना वाट दाखवायला शिकवणारी शाळा निघाली, तिथेही मुख्यतः हीच जात. जुनी मंडळी याला ‘अल्सेशियन’ म्हणतात, तेही युद्धामुळेच: इंग्रजांना जर्मन नाव नको झालं होतं. तिथे मूळ नाव परत यायला १९७७ उजाडलं.

आपल्याकडेही झाशी रस्त्यावर टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र १९७० पासून आहे. माझे मामा तिथे नोकरीला होते. हुंगून शोध घेणारा कुत्रा कशाच्या लोभानं तासन्‌तास काम करतो, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘चेंडूच्या. त्याच्या लेखी तो खेळच असतो.’ तेव्हापासून आमच्याकडे रोज संध्याकाळी चेंडू लपवायचा कार्यक्रम असतो, कधी गादीखाली, कधी तांदळाच्या डब्यामागे. वीस मिनिटं असं हुंगून शोधलं की कुत्रा तासभर फिरून आल्यासारखा शांत झोपतो.

म्हणून फ्लॅट लहान की मोठा हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. दिवसाचे दोन तास तुमच्याकडे आहेत का, ते बघा. नसतील तर कृपा करून घेऊ नका. काम न मिळालेला शेफर्ड दारावरच्या प्रत्येक पावलाला भुंकतो, सोफा फाडतो आणि शेवटी त्याच्या गळ्यात कायमची साखळी पडते. ते बघवत नाही.

नर ६० ते ६५ सेंटिमीटर उंच, वजन ३० ते ४० किलो. मादी थोडी लहान. केस दुहेरी असतात आणि बारा महिने झडतात. उन्हाळ्यात ते भादरू नका, तीच त्याची उन्हापासूनची ढाल आहे. मे-जूनमध्ये पारा ४५ च्या घरात असतो, तेव्हा पहाटे पाचला बाहेर काढा आणि दुपारी कूलरसमोर ठेवा.

एक गोष्ट आम्ही ठेच लागून शिकलो. आमचा पहिला कुत्रा, शेरू, उतरत्या पाठीचा होता. विकणाऱ्यानं तीच ‘शान’ म्हणून सांगितली आणि आम्ही भुललो. सातव्या वर्षी त्याचे मागचे पाय गुळगुळीत फरशीवर घसरायला लागले. खुब्याचे सांधे नीट बसलेलेच नव्हते. शेवटचं वर्ष आम्ही त्याला पोटाखालून टॉवेल घालून उचलत जिना उतरवला. हा दोष आईबापांकडून येतो, म्हणून पिल्लाच्या दोन्ही पालकांच्या खुब्यांचे एक्स-रे मागा. ‘कशाला लागतात?’ असं विचारणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नका. आई समोर आणायला सांगा, तिला चालताना बघा.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. आणि जमलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आणा. थंडी संपेपर्यंत लसीचे डोस पुरे होतात, जिने, रिक्षा, बँडबाजा सगळ्याची ओळख होते, आणि लू सुरू होईतो ते सात-आठ महिन्यांचं झालेलं असतं.